कोरड्या हातांचं घराणं

घड्याळवालीच्या लेखी जगात दोनच तऱ्हेची माणसं होती: ज्यांच्या तळहाताला घाम येतो ती, आणि तिच्या घरातली. पहिल्या तऱ्हेच्या माणसांबद्दल तिचं मत काही बरं नव्हतं. गिऱ्हाइकाने काउंटरवर घड्याळ ठेवलं की ती आधी त्याच्या हाताकडे बघायची. मग गटारातून काढल्यासारखं ते घड्याळ चिमट्याने उचलायची, फडक्याने मागचं झाकण पुसायची आणि म्हणायची, "आत गंज धरला असणार. असल्या मनगटावर दुसरं काय होणार म्हणा." गिऱ्हाईक खजील होऊन हात खिशात घालायचं आणि ती म्हणेल ती दुरुस्ती मुकाट्याने मान्य करायचं.

तिचं दुकान म्हणजे चपलांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्यामध्ये दबलेली एक अरुंद खोली. पुढे काचेचं काउंटर, मागे टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा आणि टेबलाखाली पाण्याने भरलेलं एक पसरट घमेलं. गल्ली तिला समोर घड्याळवाली म्हणायची आणि पाठीमागे कोरडी. तिला दोन्ही ठाऊक होतं, पण गल्लीच्या मताला ती कवडीची किंमत देत नव्हती. झेरॉक्सवाल्याने नमस्कार केला तर ती जेमतेम मान हलवायची. चपलावाल्याला तेवढंही नाही, कारण तो सदा कपाळ पुसत असायचा.

हा ताठा तिने स्वतः कमावलेला नव्हता, बापाकडून आयता घेतलेला होता. बापही घड्याळजीच. पोलादाच्या बारीक चाकांना ओलं बोट लागलं की काही दिवसांत तिथे लाल ठिपका धरतो आणि चालतं घड्याळ अडतं, हे त्या धंद्यातलं साधं सत्य. म्हणून बाकीचे घड्याळजी बोटांना रबरी टोप्या घालतात, हाताला पावडर लावतात, घडोघडी पुसतात. बापाच्या हाताला घामच येत नव्हता. तळहाताला नाही, कपाळाला नाही, ऐन उन्हाळ्यात बंद खोलीत बसलं तरी नाही. झालं, एवढ्यावर त्याने घराण्याची पताका उभारली. रबरी टोपी घालणारा कारागीर त्याला हातमोजे घालून शिवायला बसलेल्या शिंप्यासारखा वाटायचा, आणि तसं तो तोंडावर सांगायचाही. म्हाताऱ्याची घड्याळातली अक्कल मोठी होती हे खरं. बाकीच्या अकलेबद्दल न बोललेलं बरं.

कारण या माणसाने पुढे पोरांचीही परीक्षा घेतली. अंगठ्याएवढ्या रुंद पोलादाच्या पट्ट्या आरशासारख्या घासल्या आणि थोरल्या मुलाला नि धाकट्या मुलीला एकेक मुठीत धरून बसायला लावलं. त्याचा चहा पिऊन होईपर्यंत मूठ उघडायची नाही. मग पट्ट्या खणात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मुलीची पट्टी लख्ख निघाली. मुलाच्या पट्टीवर चार बोटं लाल गंजात उमटली होती. बाप इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं; तेवढंच काय ते पाणी त्याच्या अंगातून निघायचं. त्याने स्वतःची पट्टी, मुलीची पट्टी आणि मुलाची गंजकी पट्टी दुकानाच्या भिंतीवर ओळीने ठोकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागला, "हा बघा आमच्या थोरल्याचा हात. याला मी घड्याळाला हात लावू देईन का?" त्या दिवसापासून थोरल्याचं नाव घामट पडलं. टेबल मुलीला मिळालं. घामटाच्या तोंडाला पानं पुसली गेली आणि तो मोठा होऊन लोकांची कपाटं नि पलंग टेम्पोत घालून इकडून तिकडे पोचवू लागला. धाकटी बहीणसुद्धा त्याला दादा म्हणायची ते घामट म्हणायला लागली. बापाची री ओढण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

आता या कोरड्या घराण्याची दुसरी बाजूही ऐका. बापाच्या हातापायांची आग व्हायची. ऊन वाढलं, ताप आला, जास्त चालणं झालं की तळवे निखाऱ्यावर ठेवल्यासारखे जळायचे. टेबलाखालचं घमेलं त्यासाठीच होतं; पाय पाण्यात आणि हात घड्याळात, असा तो बसायचा. डॉक्टरकडे जायचं तर डॉक्टरांचे हात ओले. मग त्याने त्या आगीचाही मोठेपणा करून टाकला: चांगल्या कारागिराच्या हातात आग असायचीच. मुलीचे तळवे जळायला लागले तेव्हा तो आनंदाने म्हणाला, "रडतेस काय? हात तयार होतोय तुझा." ती रडायची थांबली, आणि पुढे कधी रडलीच नाही. पन्नाशी गाठायच्या आधी एका दुपारी बाप टेबलावर डोकं टेकून गेला तो गेलाच. हातातल्या घड्याळाची दुरुस्ती मात्र पुरी झाली होती. घड्याळवाली हीच गोष्ट जन्मभर अभिमानाने सांगत राहिली. बाप का गेला, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

तिला एकच मुलगा. नवरा कावीळ होऊन लवकर वारला. तोही तिच्या मते निव्वळ हलगर्जीपणाने. मुलाला तिने पट्टी धरायला लावली, ती लख्ख निघाली, आणि भिंतीवर चौथी पट्टी लागली. शाळेच्या मैदानात पोरगा उन्हाने लाल होऊन कोसळला तेव्हा तिने मास्तरांनाच झापलं, "तो काय घोडा आहे पळायला?" रात्री तो पाय घट्ट धरून कण्हायला लागला की त्याच्यापुढे घमेलं सरकवायची आणि बापाचंच वाक्य म्हणायची. पोरगा मूग गिळून बसायला शिकला. मोठा झाल्यावर तिच्याशेजारी टेबलावर बसला, तिच्याइतकाच कसबी आणि तिच्या निम्म्यानेही न बोलणारा. त्याचं कुणाशी मोकळं बोलणं असेल तर ते मामाशी. घामट आठवड्यातून एकदा येऊन काउंटरच्या बाहेर उभा राहायचा. आत यायची त्याला मनाई होती, ओल्या अंगाचा माणूस म्हणून. ती त्याला चहाही बाहेरच द्यायची, वेगळ्या कपात. तो हात पँटला पुसायचा, मग कप घ्यायचा.

सगळं असंच चाललं असतं. पण बारीक स्क्रूची एक खाच दोन दिसायला लागली आणि घड्याळवालीला चष्म्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागलं. डॉक्टर तरुण पोरगी होती. तिने हिला "काकू" म्हटलं आणि तिथेच ती हिच्या नजरेतून उतरली. पण ती यंत्रातून बराच वेळ बघत राहिली. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात बारीक तपकिरी रेषा होत्या, एका बिंदूपासून भोवऱ्यासारख्या फिरत गेलेल्या, दोन्ही डोळ्यांत.

"काकू, तळहात-तळपाय जळतात का?"

"का? ज्योतिष बघता काय?"

"घाम येतो?"

घड्याळवाली ताठ झाली. "आमच्या घराण्यात घाम नाही."

"म्हणजे आणखी कुणाला येत नाही?"

"माझ्या वडिलांना नव्हता. याला नाही." तिने दाराशी उभ्या असलेल्या मुलाकडे बोट केलं. एवढं मानाचं पान वाढून घ्यायची संधी ती कशी सोडेल? डॉक्टरने त्यालाही यंत्रासमोर बसवलं. त्याच्या डोळ्यांतही तोच भोवरा. मग तिने वडील कसे गेले ते विचारलं आणि दोघांनाही मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायला सांगितलं. घड्याळवाली म्हणाली, चष्म्याचा नंबर द्या आणि आम्हाला मोकळं करा. पण त्या दिवशी मुलाला काय झालं कुणास ठाऊक. "मी तपासून घेणार," तो म्हणाला. कित्येक वर्षांत आईने न ठरवलेलं त्याचं ते पहिलं वाक्य होतं. तिला इतका राग आला की आपण कशालाही भीत नाही हे दाखवायला तिनेही रक्त दिलं.

रक्ताने दोघांचीही अब्रू काढली. रोग आनुवंशिक होता, फॅब्री नावाचा. शरीरात एक रसायन कमी पडतं, त्यामुळे एक प्रकारची चरबी जिथून निघून जायला हवी तिथे साचत राहते: नसांत साचली की हातपाय जळतात, घामाच्या ग्रंथींत साचली की घाम बंद होतो, पुढे मूत्रपिंडात आणि हृदयात. हे सगळं त्यांना हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बुटक्या, पिकल्या केसांच्या, पायांत जाड तळाचे बूट घातलेल्या. घड्याळवालीने बुटांकडे बघून नाक मुरडलं.

मुलाच्या छातीला वायरी लावून कागदावर नागमोडी रेघ काढली गेली, ठीक निघाली. मग गार चिकट मलम लावून पडद्यावर धडधडणारं हृदय दाखवलं गेलं. भिंती जेवढ्या जाड हव्यात तेवढ्याच. घड्याळवाली विजयी मुद्रेने उठली. "झालं समाधान? ठणठणीत आहे. चल रे."

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही तपासणी भिंत जाड झाली की सांगते. भिंत जाड होते ती उशिरा. मला त्याच्या आधीचं बघायचंय. एमआरआयमध्ये स्नायूच्या आत काय भरलंय ते कळतं. चरबी साचायला लागली असेल तर स्नायूकडून येणारा संकेतच बदलतो, भिंत सडपातळ असतानाच. तेव्हा औषध सुरू केलं तर उपयोग होतो. नंतर केलं तर फारसा नाही. असं समजा की घड्याळ बाहेरून चाललंय, पण आत..."

त्यांनी घड्याळाचं नाव काढायला नको होतं. घड्याळवाली अशी हसली की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावली.

"हे मला सांगता? अहो, चालतं घड्याळ उघडायचं, भिंगातून बघायचं, च्च च्च करायचं आणि म्हणायचं, 'चाललंय खरं, पण आतून गेलंय, आत्ताच करून घ्या.' निम्मं दुकान यावर चालतं आमचं. धंद्यातल्या माणसापुढे धंद्याचे डाव टाकू नका."

मुलगा आईकडे टक लावून बघत राहिला. वीस वर्षं गिऱ्हाइकांना जे सांगताना तिला ऐकलं त्यातलं किती खरं होतं, हे आज त्याला कळलं, आणि कुठे कळलं तर भर दवाखान्यात. तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटलं नाही. ती त्याला दंडाला धरून घेऊन आली, आणि घरी येईपर्यंत डॉक्टर लोक कसे अक्कल पाजळतात यावर अखंड बोलत होती.

पुढे बरेच दिवस तो विषय दुकानात निघाला नाही. निघाला तर ती म्हणे, "आपल्या घराण्याचा गुण यांच्या पुस्तकात बसत नाही, म्हणून तो रोग." या वाक्याखाली काय दडलं होतं ते समजायला डॉक्टर लागत नाही. कोरडा हात हा रोग असेल तर ते टेबल कशाच्या जोरावर तिचं? घामटाला चाळीस वर्षं काउंटरच्या बाहेर उभं केलं ते कशासाठी? मुलाच्या छातीत काय चाललंय हे बघायला ती तयार नव्हती, कारण ते बघितलं की भिंतीवरच्या पट्ट्यांकडेही पुन्हा बघावं लागलं असतं. पोराच्या जिवापेक्षा चार पट्ट्या जड झाल्या. स्वाभिमान म्हणतात त्याला. मी तरी त्याला दुसरं काही म्हणतो.

एका सकाळी मुलगा घड्याळांचे पट्टे आणायला म्हणून बाजारात गेला. तो परत येईना तेव्हा झेरॉक्सवाल्याने, जणू सहज, दारातून सांगितलं, "मामाच्या टेम्पोतून गेला तो. दवाखान्यात जायचंय म्हणत होता."

घड्याळवालीच्या अंगाचा तिळपापड झाला. भरदिवसा दुकानाला कुलूप लावून ती निघाली. पायाचे तळवे जळत होते, तशीच भराभरा चालत गेली. एमआरआयची खोली तळघरात होती, लांब बोळाच्या टोकाला. बोळ गारठलेला, भिंती पिस्ता रंगाच्या. जाड दारापाशी एक लठ्ठ तंत्रज्ञ उभा होता.

"माझा मुलगा आत आहे. बाहेर काढा त्याला."

"सुरू आहे तपासणी. आत जाता येत नाही."

"मी त्याची आई आहे."

"आई असा नाहीतर आजी. अंगावर लोखंड आहे?"

तिच्या अंगावर लोखंडाशिवाय होतं काय? अंबाड्यात दोन चिमटे खोचलेले, कोटाच्या वरच्या खिशात स्क्रू ड्रायव्हरांची जुडी, खालच्या खिशात पडलेले स्क्रू उचलायचा लोहचुंबक, गळ्यात दोरीला भिंग, बाह्यांच्या कडांत सुया. तंत्रज्ञाने ट्रे पुढे केला. एकेक वस्तू काढता काढता ट्रे भरला. तरी त्याने लोखंड हुडकणारी कांडी कोटावरून फिरवली आणि कांडी ओरडत सुटली. कोटाच्या शिवणींत वर्षानुवर्षांचा पोलादी कीस बसला होता.

"बाई, तुम्ही आत गेलात तर हे सगळं तुमच्याआधी यंत्राला जाऊन चिकटेल. आणि मग तुमचा मुलगा आतच राहील."

आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिला अंगावर नको ते आहे म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं. बोळात एकच बाक होतं आणि त्यावर घामट बसला होता. त्या गारठ्यातही त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला, मधे दोन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून बसली.

"शेवटी सूड उगवलास," ती म्हणाली.

"कसला सूड? पोरगा आला माझ्याकडे, घाबरलेला. म्हणाला, मामा, एकट्याने जायची भीती वाटते. मी काय त्याला हाकलून देऊ?"

"माझ्या परवानगीशिवाय?"

"अगं, तो तिशीला आलाय."

जाड दारामागून यंत्राचा ठकठक आवाज येत होता. मधेच एक घोगरा आवाज सांगे, "श्वास घ्या. सोडा. धरून ठेवा." दर वेळी घामटही श्वास धरायचा. त्याचा मूर्खपणा बघून तिला संताप यायचा, आणि मग लक्षात यायचं की आपणही धरलाय.

"डॉक्टरांनी माझंही रक्त घेतलं," तो थोड्या वेळाने म्हणाला. "मला काही नाही. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. बापाकडून हे मुलाला येतच नाही म्हणे. मुलीला मात्र येतंच, चुकत नाही."

तिने नजर जाड दाराकडे वळवली.

"मी जन्मभर म्हणत आलो, बाबांनी मला काहीच दिलं नाही. सगळं तुला दिलं." तो हसला नाही. हसला असता तर तिला बरं झालं असतं, त्याचा पाणउतारा करता आला असता. तो फक्त तळहात पँटला पुसत राहिला, आधी एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. लहानपणी पट्टी खणातून निघाली त्या दिवसापासून तो असाच हात पुसत आला होता. कुणाशी हात मिळवायचा झाला की पुसायचा, कप घ्यायचा झाला की पुसायचा. पँटच्या मांडीवर त्या जागी कापड झिजून पांढरं झालं होतं. इतकी वर्षं तिने ते कधी बघितलं नव्हतं, कारण त्याच्याकडे बघायची तिला सवयच नव्हती.

"पुसू नकोस सारखं," ती खेकसली. पण आवाज तिच्या नेहमीच्या जागी लागला नाही.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी तिघांनाही बोलावलं. पडद्यावर मुलाच्या हृदयाचा आडवा छेद होता, बांगडीसारखा गोल, रंगवलेला. त्यांनी शेजारी दुसऱ्या एका निरोगी माणसाचा छेद ठेवला. तो हिरवा होता. मुलाची बांगडी जाडीला तेवढीच, आकाराला तशीच, पण निळसर.

"निळं म्हणजे चरबी साचतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अजून भिंत जाड नाही, कुठे वण नाही. फार चांगल्या वेळी आलात. दर पंधरा दिवसांनी शिरेतून औषध द्यायचं, जे रसायन कमी पडतंय तेच. जन्मभर द्यावं लागेल. पण हृदय वाचवता येईल."

घड्याळवालीने गळ्यातलं भिंग डोळ्याला लावलं आणि पडद्याला नाक टेकवून बघितलं. तिच्या तोंडावर तोच तिरस्कार होता जो एखाद्या नकली घड्याळाकडे बघताना असायचा. तिला खोट काढायची होती. पण छेदात खोट नव्हती; तिच्या पोराच्या हृदयाचा रंग चुकीचा होता, एवढंच. ती भिंग काढून मागे सरकली.

"याला एवढं मोठं यंत्र लागलं?" ती म्हणाली. "माझ्या बापाला चहा पिण्याएवढा वेळ लागला होता."

डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. मग तिनेच पट्ट्यांची हकिकत सांगितली, पहिल्यांदाच अभिमान वगळून. तीन लख्ख, एक गंजकी. सांगता सांगता तीच थांबली. पट्ट्यांनी सगळं आधीच सांगितलं होतं. कुणाला रोग आहे, कुणाला नाही, पोरं एवढीशी असताना, अगदी वेळेवर. आणि त्या माणसाने निरोग्याला हाकलून रोग्यांना गादीवर बसवलं, वर हसला, आणि तिने पुढची चाळीस वर्षं तेच चालवलं.

"गाढव," ती म्हणाली.

"कोण?" मुलाने विचारलं.

"तुझे आजोबा." आणि मग जरा थांबून, "आणि त्यांचा हात धरून चालणारी."

डॉक्टरीणबाईंनी तिचंही हृदय बघायला हवं म्हणून सांगितलं. या वेळी तिने कोट घरीच ठेवला, केस मोकळे सोडले आणि मुकाट्याने त्या नळीत जाऊन पडली. तिच्या चित्रात रंगावर भागलं नाही. डाव्या कप्प्याच्या मागच्या भिंतीत एक पांढरा डाग निघाला. तो वण होता. चरबीने मेलेल्या स्नायूच्या जागी आलेला, औषधाने न जाणारा. अशाच वणांतून ठोके भरकटतात, म्हणून तिच्या छातीवर लक्ष ठेवावं लागेल, कदाचित एक छोटं यंत्र कातडीखाली बसवावं लागेल, असं डॉक्टरीणबाई समजावून सांगत होत्या. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"असा डाग याच्यात आहे का?"

"नाही."

"नक्की बघितलंत? दोनदा?"

"दोनदा बघितलं."

"मग माझं काय घेऊन बसलात," ती म्हणाली आणि पडद्याकडे पाठ करून बसली. तिचे हात मांडीवर होते. घाबरलेल्या माणसाचे तळहात ओले होतात. तिचे तेव्हाही कोरडेच राहिले. मुलाने ते आपल्या हातांत घेतले. तेही कोरडे. दोघांनाही त्या क्षणी आपल्या हातांची शिसारी आली.

मुलाच्या शिरेत औषध जायला लागलं. त्याला न्यायला-आणायला घामटाचा टेम्पो यायचा. घड्याळवाली नर्सला सुई धरता येत नाही म्हणून झापायची, तंत्रज्ञाला लठ्ठ म्हणायची, बुटक्या डॉक्टरीणबाईंच्या बुटांची टिंगल करायची. स्वभावाला औषध निघालेलं नाही. मात्र चालत्या घड्याळाला "आतून गेलंय" म्हणायचं तिने सोडलं. मुलगा शेजारी बसून ऐकत असतो.

एका सकाळी तिने मुलाला पक्कड आणायला लावली आणि भिंतीकडे बोट केलं.

"काढ त्या पट्ट्या."

मुलगा स्टुलावर चढला आणि त्याने आधी मामाची गंजकी पट्टी धरली. इतकी वर्षं ज्या अपमानाने घर बिघडलं तो आधी उतरवावा, असं त्याला वाटलं असेल.

"ती नव्हे," ती म्हणाली. "बाकीच्या काढ. बाबांची, माझी, तुझी. ती राहू दे."

तीन लख्ख पट्ट्या खाली आल्या. तिने त्या घमेल्यातल्या पाण्यात टाकल्या आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं नाही. भिंतीवर एकच पट्टी उरली, चार लाल बोटांची. थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक आलं, नवं, चौकस. घड्याळ काउंटरवर ठेवता ठेवता त्याने वर बघितलं आणि विचारलं, "बाई, घड्याळाच्या दुकानात ही गंजलेली पट्टी कशाला लावलीय?"

घड्याळवालीने त्याच्याकडे नेहमीसारखंच बघितलं, जगात याच्याएवढा बावळट दुसरा नसेल अशा नजरेने.

"दिसत नाही?" ती म्हणाली. "माझ्या दादाचा हात आहे. निरोगी आहे."

तेवढ्यात दादा टेम्पो लावून आला आणि सवयीने काउंटरच्या बाहेर थांबून हात पँटला पुसायला लागला. तिने काउंटरची फळी वर उचलली आणि आत यायला जागा करून दिली.